मांजर केळीचं पान खाऊन ओकतंय? आधी कुंडीभोवती बघा

तक्रार साधारण अशी असते. हौसेनं गॅलरीत कुंडीत केळ लावली. पोंगा उलगडायला लागला तसं घरातलं मांजर त्याच्या कडा कुरतडू लागलं. एक-दोन दिवसांत सोफ्यामागे फेसाळ उलटी आणि तीत हिरव्या चिंध्या. कुंडी उचलून दुसरीकडे ठेवली, काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. अशा वेळी घरातलं एक माणूस म्हणतं, केळीचा चीक विषारी असतो, काढून टाका ती. दुसरं म्हणतं, मुक्या जनावराला उपजत कळतं, विषारी असतं तर त्यानं तोंडच लावलं नसतं. दोघंही चुकतात. उपजत कळत असतं तर फुलदाणीतली लिली चावून मांजरं दगावली नसती.

केळीपुरतं उत्तर सरळ आहे: केळ मांजराला विषारी नाही. अमेरिकेतली एएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी जुनी संस्था घरगुती झाडांची विषारी-बिनविषारी यादी ठेवते, आणि पशुवैद्यही तिचा आधार घेतात. त्या यादीत केळ मांजर, कुत्रा आणि घोडा या तिघांसाठीही बिनविषारी म्हणून नोंदलेली आहे. केळीच्या चिकाचा कपड्यावरचा डाग जन्मात जात नाही हे खरं, पण डाग पडतो म्हणून विष ठरत नाही.

तरी एक गोष्ट आधीच सांगतो. हे वाचत असताना तुमचं मांजर सतत लाळ गाळत असेल, अंगाला झटके किंवा थरथर असेल, श्वास तोंडानं घेत असेल, उलटीत किंवा शीत रक्त असेल, किंवा काही तासांत तीन-चारदा ओकून कोपऱ्यात मुटकुळं करून बसलं असेल, तर पुढचं वाचू नका. डॉक्टरकडे निघा. जाताना संशय असलेल्या झाडाची एक फांदी आणि खताच्या किंवा औषधाच्या पुडीचा फोटो घेऊन जा. बाकी शोध नंतर लावता येतो.

बिनविषारी आहे, मग उलटी का?

कारण बिनविषारी म्हणजे पचणारं नव्हे. मांजर पक्कं मांसाहारी. पानातले तंतू पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही, आणि केळीचं पान म्हणजे शिरेपासून कडेपर्यंत तंतूच. मोठा तुकडा पोटात गेला की तो आला त्या वाटेनं परत जातो. पान खाल्ल्यावर थोड्या वेळानं एकदाच उलटी, तीत पानाचे तुकडे जसेच्या तसे, आणि लगेच मांजर ताटलीपाशी येऊन ओरडतंय, याला विषबाधा म्हणत नाहीत.

मांजरानं झाडपाला खाणं ही काही विकृती नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजारावर मांजरमालकांना विचारून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये मांडले. त्यात ७१ टक्के मांजरं निदान सहा वेळा तरी झाडपाला खाताना दिसलेली होती. खाल्ल्यानंतर ओकणारी साधारण पाव हिस्सा. आणि ९१ टक्के मालकांचं म्हणणं होतं की खाण्याआधी मांजर आजारी वाटत नव्हतं. म्हणजे 'पोट बिघडलं की मांजर गवत खातं' हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याला या पाहणीत तरी फारसा आधार मिळाला नाही. खाणं आधी, उलटी नंतर, आणि तीही दर वेळी नाही.

पिकल्या केळ्याबद्दलही लोक विचारतात. चिमूटभर खाल्लं तर काही होत नाही. गोडीसाठी मात्र ते खात नसतं. मांजराला गोड चवच कळत नाही. गोड ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. शिकरणाच्या वाटीत तोंड घालतं ते दुधासाठी.

तर आठवड्यातून एखादी अशी पानाची उलटी असेल तर केळीवरचा खटला बंद करायला हरकत नाही, फक्त पान त्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही, त्याकडे पुढे येतो. पण उलट्या वाढत असतील, त्यात पान दिसतच नसेल, किंवा मांजर मलूल असेल, तर केळ फक्त समोर दिसते म्हणून पकडली गेली आहे. खरा गुन्हेगार आसपास असतो. मी ज्या क्रमानं शोधतो तोच इथे देतो.

ते झाड केळच आहे ना?

हसू नका. नर्सरीत हल्ली मोठ्या पानांची झाडं घरात ठेवायला म्हणून विकतात, आणि विकणारा पोऱ्या 'केळीतलंच आहे, शोचं' असं सांगून मोकळा होतो. यात सगळ्यात जास्त फसवणारं झाड म्हणजे बर्ड ऑफ पॅराडाइज. पान अगदी केळीसारखं. मांजराला मात्र ते चालत नाही. मळमळ, उलटी, सुस्ती आणतं, फळ आणि बिया जास्त. जीवावर बेतत नाही, पण तुमची 'दर चार दिवसांनी उलटी' हे नेमकं घडवू शकतं.

ओळखायची खूण पानाच्या आकारात शोधू नका, मांडणीत शोधा. केळीची पानं खुंटाभोवती गोल फिरत वर जातात. बर्ड ऑफ पॅराडाइजची पानं दोनच बाजूंना, पंख्यासारखी एका पातळीत उघडतात. शिवाय केळीचा खुंट म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं, नखानं दाबलं तरी पाणी सुटतं. दुसऱ्याचे देठ टणक असतात.

कर्दळही केळीसारखी दिसते, पण ती निरुपद्रवी आहे, बिनविषारी यादीत आहे. अळू आणि त्याची शोभेची भावंडं मात्र नाहीत. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वडीचं पान कच्चं चाखल्यावर घशाला जे होतं तेच मांजराच्या जिभेला होतं. आपण चिंच घालून शिजवतो, मांजर तसं करत नाही. डिफेनबेकिया, मनी प्लांट, पीस लिली आणि मॉन्स्टेरा याच जातकुळीतले. मॉन्स्टेराला तर फळही येतं, पूर्ण पिकल्यावर माणसं ते खातात, म्हणून कोणी 'फळझाड आहे, चालेल' असं समजू नये. या स्फटिकांची लक्षणं ओळखायला सोपी. पान चावताक्षणी मांजर मागे सरतं, पंजानं तोंड चोळतं, लाळेची तार लोंबते. केळीनं असं कधी होत नाही. तोंड चोळणं दिसलं की कुंडी बदलून बघत बसू नका, झाडच दुसरं आहे.

कुंडीत काय घातलंय?

झाड केळच आहे हे ठरलं की पान सोडून मातीकडे बघा. माझा अनुभव असा की घोळ निम्म्याहून जास्त वेळा इथेच असतो.

केळ खादाड. गॅलरीतल्या कुंडीत ती जगवायची तर खत घालावंच लागतं, आणि मग ज्याच्या हाताला जे लागेल ते कुंडीत पडतं. मासे धुतलेलं पाणी, कोळंबीची सालं, हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं. केळीला आवडतं हे सगळं, पण मांजराच्या नाकाला ते आमंत्रण आहे. ते उकरतं, अर्धवट कुजलेलं, बुरशी आलेलं काहीतरी गिळतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण पानाला दोष देतो. उलटी काळपट असेल, मातीचा वास असेल, तर उत्तर मिळालं. बुरशी आलेल्या अन्नानं नुसती उलटीच होते असं नाही, काही बुरश्यांच्या विषानं अंगाला कापरं भरतं. मासळीचं खत घालायचं असेल तर आधी बादलीत पूर्ण कुजवा, मग खोल पुरा, वर मातीचा थर.

एरंडी पेंड घरात मांजर असताना वापरूच नका. या बाबतीत मी मधला रस्ता मानत नाही. एरंडाच्या बीमध्ये रायसिन हे जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, आणि उष्णतेची नीट प्रक्रिया झाली असेल तरच निष्प्रभ होतं. ती झाली की नाही हे सुट्या किलोभर पेंडीच्या पिशवीवरून आपल्याला कळायला मार्ग नाही. लक्षणंही लगेच दिसत नाहीत, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, तोवर पेंड घातल्याचं विसरायला झालेलं असतं. पेंडच हवी तर निंबोळीची घाला. तिच्या कडवटपणामुळे मांजर सहसा दोनदा तोंड लावत नाही.

गावाकडून रोप किंवा मुनवा, म्हणजे केळीच्या बुंध्यापाशी फुटलेलं पिल्लू, आणला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: बरोबर 'औषध' म्हणून दाणेदार काही दिलंय का? केळीच्या बागेत जमिनीतल्या किडीसाठी फोरेटसारखी दाणेदार कीटकनाशकं वर्षानुवर्षं वापरली गेली. भारतात फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण जुने डबे गोठ्यात, माळ्यावर पडून असतात आणि प्रेमानं पुडी बांधून देणारे काकाही असतात. हे विष मज्जासंस्थेवर जातं. लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, मांस फडफडणं, आपोआप लघवी-शी, मग श्वास. यात वाट बघायला वेळ नसतो. पावसाळ्यात गोगलगायींसाठी कुंडीत टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तितक्याच वाईट, वर त्या खायला चविष्ट बनवलेल्या असतात, गोगलगायीला काय आणि मांजराला काय.

फवारणीचंही तसंच. केळीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आला की आपण बाटली उचलतो. मांजराचं अडतं ते परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांशी. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत ज्या वाटेनं ती निकामी करतं ती वाट मांजरात फार कमजोर आहे. म्हणून कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लागलं तरी झटके येतात. पिठ्या ढेकूण केळीवर हातानं पुसता येतो, पान मोठं असल्याचा तेवढा फायदा. ओल्या फडक्यानं पुसा, साबणाच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं परत धुवा. निंबोळी तेल मारलंच तर पान पूर्ण वाळून धुतलं जाईपर्यंत मांजर आत.

आणि कुंडीखालची ताटली! तिच्यात साचलेलं पाणी म्हणजे खताचा अर्क. आपल्या भांड्यातलं स्वच्छ पाणी सोडून मांजराला नेमकं तेच प्यायचं असतं. रोज ओतून टाका. डासांसाठी महानगरपालिकेचा माणूस बडबडायच्या आत.

शेजारच्या कुंड्या

मांजर केळीवर दिसतं कारण केळ उंच आहे. खाली लहान कुंड्यांत काय चाललंय ते दिसत नाही. आपल्याकडच्या गॅलऱ्यांत हमखास असणारी आणि मांजराला न चालणारी झाडं बरीच आहेत. कोरफड, मनी प्लांट, स्नेक प्लांट ही उलटी-जुलाबवाली. सदाफुली त्याहून वाईट. पानफुटी आणि तिच्या जातीचं कलांचो, अडेनियम, कण्हेर ही हृदयावर परिणाम करणारी. सायकस, ज्याला दुकानदार सागो पाम म्हणतात, त्याचं बी यकृत नासवतं. तोच दुकानदार शेजारी अरेका पाम ठेवतो, तो मात्र निर्धोक. लिंबाच्या पानांतलं आणि सालीतलं तेलही मांजराच्या पोटाला मानवत नाही, पण त्या वासानं बहुतेक मांजरं आपणहून लांब राहतात. तुळस चालते.

लिलीबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. आपल्याकडे लिली हे नाव सरसकट लावतात: पीस लिली, स्पायडर लिली, रेन लिली. यांनी तोंड चुरचुरणं, उलटी असं होतं. पण पुष्पगुच्छात येणारी ओरिएंटल आणि एशियाटिक लिली, आणि बागेतली डे लिली, या मांजराची मूत्रपिंडं संपवतात. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय, अंगावर सांडलेला पराग मांजरानं चाटला तरी पुरे. सुरुवातीला एक-दोन उलट्या होतात आणि मग मांजर बरं झाल्यासारखं वाटतं. तिथेच घात होतो. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. पहिल्या अठराएक तासांत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्यानं उतरते. म्हणून वाढदिवसाचा गुच्छ घरी आलाय आणि मांजर ओकलंय, एवढं जुळलं तरी त्याच दिवशी दवाखाना. मी तर लिली घरात घेतच नाही. देणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

सणाचे दिवस

उलट्या श्रावण-भाद्रपदात वाढतात का, हे एकदा आठवून बघा. सत्यनारायणाला चौरंगाला केळीचे खुंट बांधले की मांजराची चंगळ, आणि केळीला काही दोष नाही. दोष तिच्याभोवती जे येतं त्यात असतो. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये रुई, धोत्रा आणि कण्हेर असतात. तिन्ही विषारी. रुई आणि कण्हेर हृदयावर जातात, धोत्र्यानं बाहुल्या विस्फारतात आणि जनावर भ्रमल्यासारखं वागतं. गौरीच्या सजावटीत कुठे कुठे कळलावीची फुलं असतात, अग्निशिखा तीच, आणि तिच्यातलं कोल्चिसिन भल्याभल्यांना आडवं करतं. शनिवारच्या मारुतीच्या हारातली रुईची पानं घरी प्रसादासोबत येतात, तीही लक्षात ठेवा. पूजा झाली की निर्माल्य टोपलीत उघडं न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवलं तर निम्मी चिंता मिटते. दूर्वा, शमी, बेल यांची भीती नाही.

आणि मांजर स्वतः

हे सगळं तपासूनही उलटी थांबत नसेल तर झाडांचा नाद सोडा. घास न चावता हापसणारं मांजर जेवणानंतर लगेच अख्खे दाणे बाहेर टाकतं. केस गळण्याच्या दिवसांत लांबट, नळीसारखा केसांचा गुंता येतो. जंत असतात. सात-आठ वर्षांपुढच्या मांजरात मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार पहिल्यांदा असाच दिसतो, वारंवार उलटी आणि हळूहळू घटणारं वजन. शिवाय मान लांब करून जमिनीलगत खोकणं आणि ओकारी काढणं यांत लोकांची गल्लत होते. त्यातून काहीच बाहेर पडत नसेल तर तो दमाही असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगतो.

केळीशी थेट जोडलेली एकच गोष्ट इथे खरी धोक्याची आहे, ती विषाची नाही. वाळलेलं सोपट सुटून त्याचे लांब दोरे निघतात. आपल्याकडे त्याची सुतळी करून गजरे-हार बांधत आलेत, इतकं ते चिवट. मांजराला दोरा दिसला की खेळायचा असतो आणि खेळताना गिळला की आतड्यात अडकू शकतो. गुदद्वारातून किंवा तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतलं आतडं कापलं जातं. तो डॉक्टरनेच काढायचा. तसंच पान किंवा गवताची कड घशामागे नाकाच्या वाटेत अडकली तर मांजर एकसारखं शिंकतं, घशात काही असल्यासारखं गिळत राहतं. तेही घरी होणारं काम नाही.

पक्का निकाल हवा असेल तर केळ पंधरा दिवस शेजाऱ्यांकडे किंवा जिन्यात ठेवा, बाकी काहीही बदलू नका. खाणं तेच, जागा तीच. कॅलेंडरवर उलटीच्या दिवशी खूण आणि काय बाहेर आलं त्याचे दोन शब्द. लोक एकाच वेळी झाड हलवतात, खाण्याचा ब्रँड बदलतात आणि जंताचं औषधही देतात, मग कशानं फरक पडला ते देवालाच ठाऊक. केळ नसतानाही खुणा तशाच पडत राहिल्या तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. आठवड्याला एकाहून जास्त उलट्या मी नेहमीच्या मानत नाही, आणि एक अख्खा दिवस मांजर जेवलं नाही तर तिथून पुढे थांबत नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून वेगळंच दुखणं उभं राहतं.

पान तोंडी लागू न देणं

मांजराला ओरडून उपयोग नसतो, त्याला फक्त तुम्ही बघत नसताना खायचं एवढं कळतं. त्याला हक्काचा चारा द्या. पसरट मडक्यात गहू पेरा, आठ-दहा दिवसांत बोटभर उंच होतो. कोवळ्या दूर्वाही चालतात, पण घरी लावलेल्या. मैदानातल्या किंवा रस्त्याकडेच्या आणू नका, तिथे तणनाशक मारलेलं असतं आणि भटकी कुत्री मुतलेली असतात. हे मडकं केळीच्या शेजारी ठेवा, स्वयंपाकघरात नको. मांजर जिथे कुरतडायला जातं तिथेच त्याला ते सापडायला हवं.

केळीकडून फाटलेल्या, वाऱ्यावर हलणाऱ्या कडा कात्रीनं कापा. पुष्कळदा हलणारी चिंधीच त्याला बोलावते, पान नव्हे. वाळकी सोपटं दर आठवड्याला काढून लगेच कचऱ्यात. बाजूला फुटणारी पिल्लं मांजराच्या तोंडाच्या उंचीची असतात, एखादं राखून बाकीची काढा. घडासाठीही तेच बरं. बसराईसारखी ठेंगणी जात असेल तर पानं बराच काळ खालीच राहतात, अशी कुंडी स्टुलावर चढवून फायदा नाही, मांजरही चढतं. खुंट हातभर वाढेपर्यंत भोवती कोंबड्यांची जाळी उभी करा. मातीवर करवंट्या उपड्या मांडा, उकरणं आणि कुंडीचा संडास करणं दोन्ही थांबतं.

आता काय करू नये. डांबरगोळ्या कुंडीत टाकू नका, नॅफ्थलीन मांजराच्या रक्ताला आणि यकृताला मारक आहे. फिनाइलनं गॅलरी पुसू नका, त्यातलं फिनॉल पंज्याला लागतं, पंजा चाटला जातो आणि मांजराच्या यकृताला ते निपटता येत नाही. तिखट भुरभुरवलं तर ते डोळ्यांत जातं. कापूर, निलगिरीचं तेल, सिट्रोनेला, सगळं त्याच माळेतलं. 'नैसर्गिक आहे' हे वाक्य मांजराच्या बाबतीत काहीच सांगत नाही. धोत्राही नैसर्गिकच.

विषबाधेचा संशय असताना मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा देऊ नका, तीनं मांजर मरतं. हे सगळ्या घराला, विशेषतः आजी-आजोबांना, आधीच सांगून ठेवा. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे आजच विचारा, रात्री दोनला नव्हे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जवळ राहत असाल तर त्यांच्या दवाखान्याच्या वेळा लिहून ठेवा.

केळीऐवजी दुसरं काही लावायचं तर

अननसाचं कुळ बिनविषारी, पण पानांच्या कडा करवतीसारख्या, त्यामुळे ती तोंडाच्या उंचीवर नको. पॅशनफ्रूटचा वेल गॅलरीला छान पसरतो, मात्र त्याच्या पानांत आणि कच्च्या फळात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, कुरतडणाऱ्या मांजराच्या घरात मी तो लावणार नाही. अॅव्होकॅडोची बी रुजवायची आता फॅशन आहे. त्याच्या पानातलं पर्सिन पक्ष्यांना, शेळ्यांना, घोड्यांना बाधतं, तेव्हा मांजरावर प्रयोग नको. सीताफळाचं झाड ठेवा हवं तर, पण बिया फोडून ठेवू नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो, माणसाचाही. पपईचा चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते, खोड कापाल त्या दिवशी मांजर आत ठेवा. या सगळ्यांत मांजरवाल्या घराला सोयीची केळच. फक्त ती रोपवाटिकेतून, जातीचं नाव विचारून आणा, आणि बरोबर मिळालेली खताची पुडी तिथेच परत करा.